झाडाखाली उभे राहू नये

वैशाख अर्धा सरला की दुपारनंतर माझं कशातच लक्ष लागत नाही. गच्चीवर सांडगे वाळत असतात, खाली भाचेसून चटणीच्या मिरच्यांची देठं खुडत असते, आणि मी आपली दर अर्ध्या तासानं उगवतीच्या खिडकीशी. सून हसते. म्हणते, "मावशी, रेडिओवर सांगितलंय, दोन दिवसांत विजांसह वळीव आहे. तुम्ही कशाला बघत बसता?" तिला वाटतं म्हातारीला सांडग्यांची काळजी. मीही तसंच वाटू देते.

वळवाचा पाऊस आमच्या भागाला नवा नाही. मृगाचा पाऊस सांगून येतो, दोन दिवस आधी वारा फिरतो, मुंग्या अंडी हलवतात. वळवाचं तसं नाही. सकाळी आभाळ घासलेल्या तांब्यासारखं लख्ख असतं. दुपारी पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. झाडाचं पान हलत नाही, कुत्री चरातल्या ओलीला पोट लावून पडतात. मग तीन-चारच्या सुमारास उगवतीला एक ढग फुगतो, वर पांढरा आणि बुडाला निळा-काळा, आणि तासाभरात अर्धं आभाळ खातो. आधी धूळ येते. मग वास. मग एकेक थेंब, बोराएवढा, धुळीत खळगा पाडणारा. लोक आनंदानं बाहेर येतात. मी मात्र त्या वासासरशी खिडक्या लावून घेते. इतकी वर्षं झाली, तरी लावते.

कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यातली गोष्ट. महाराज गेले त्याच्या एक-दोन उन्हाळे आधीची. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, वारणेच्या काठच्या एका गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण होते. कोडोलीवरून पुढं गेलं की सपाट काळं रान लागतं, त्या रानातलं ते गाव. चौदाव्या वर्षी मी विधवा झाले. वडिलांनी भावकीचा विरोध पत्करून मला कोल्हापूरला शिकायला धाडलं आणि दरबारच्या कृपेनं नोकरी लागली. गाव मला बाई म्हणायचं, मान द्यायचं. पण सकाळी कुणी कामाला निघालं आणि मी समोर आले, तर ते माणूस दारात थबकायचं, पाणी पिऊन पुन्हा निघायचं. मला ते कळायचं. टाळलं जाणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पुढं जे सांगणार आहे, त्यासाठी हे ध्यानात ठेवायला हवं.

गावात दवंडी द्यायचं काम येसबाकडं होतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायचा. उंच, हडकुळा, चाळिशीचा माणूस. गळ्यात हलगी. त्याचा आवाज असा, की वेशीत उभा राहून बोलला तरी मळ्यातल्या माणसाला कळावं. त्याची गोदा नावाची मुलगी माझ्या शाळेत यायची आणि उंबऱ्याबाहेर बसायची. सगळी मुलं एकत्र बसवावीत असा दरबारचा हुकूम होता, तो मी वाचलेला होता, मला पटलेलाही होता. पण गावाला न दुखवता हळूहळू करू, असं मी ठरवलं होतं. त्या हळूहळूला दीड वर्ष झालं होतं.

त्या वैशाखात एका शनिवारी पाटलांनी मला चावडीवर बोलावलं. कुलकर्णी लग्नासाठी बाहेरगावी गेलेले, आणि तालुक्याहून कागद आलेला. पाटलांना सही करता यायची, वाचायचं म्हटलं की डोळे दुखायचे. मी वाचलं. कोल्हापुरात तार आली होती, त्यावरून तालुक्यानं गावोगाव कळवलं होतं. येत्या तीन-चार दिवसांत सपाटीच्या गावांना जोराचं वादळ, गारा आणि विजांचा संभव आहे. रयतेनं गुरं बंदिस्त बांधावीत, गंजी झाकाव्यात. आणि शेवटची ओळ, विजा होत असता झाडाखाली उभे राहू नये.

पाटील हसले. "आता पावसाचंबी हुकूम निघायला लागलं म्हणायचं."

चावडीच्या पायरीखाली, ठरलेल्या अंतरावर, येसबा उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं. ऐकून पाठ करायचा आणि पाठ झालं की निघायचा. मी त्याला तो कागद तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "बाई, झाडाखाली का नगं? गारा लागायच्या न्हाईत की तितं."

मी त्याला समजावून सांगितलं. वीज उंच वस्तूवर पडते, उघड्या रानात झाडच उंच असतं, ती बुंध्यातून खाली उतरते. मी हे शिकले होते आणि मला सांगायला आवडायचं. तो मान हलवत राहिला.

"म्हंजे गारंनं डोस्कं फुटलं तर चालंल, पर झाड नगं," तो म्हणाला.

"तसंच."

रविवारी दिवसभर त्याची हलगी गावात आणि मळ्यामळ्यांतून वाजत होती. माझ्या खोलीच्या खिडकीखालून तो गेला तेव्हा मी ऐकलं. शब्द न् शब्द बरोबर होता.

सोमवारी वडगावचा बाजार. शाळेला सुट्टी होती, मला पाट्या आणि पेन्सिली आणायच्या होत्या, म्हणून मी बाबालालच्या बैलगाडीतून गेले. बाबालाल आमच्या गावचा पिंजारी. थंडीत गाद्या पिंजायचा आणि उन्हाळ्यात गाडी हाकायचा. परत येताना गाडीत पद्माक्का भेटल्या. त्या गावातल्या एका मोठ्या जैन घरच्या, सत्तरीला आलेल्या, लेकीकडं राहून परत निघालेल्या. त्यांचे गुडघे गेले होते, दोन माणसांनी धरून त्यांना गाडीत चढवलं. सोवळ्याच्या फार कडक. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत, आणि मुलांचा स्पर्श झाला तरी लुगडं बदलायच्या. गाडीत बसल्या बसल्या मला म्हणाल्या, "बाई, जरा सरून बसा की." मी सरले.

बाजारहाट करून गावाकडं परतणारे पंचवीस-तीस जण आमच्या मागंपुढं चालत होते. कुणाच्या डोक्यावर पाटी, कुणाच्या खांद्यावर नवं घोंगडं. सगळ्यांच्या मागं, दोन कासरे अंतर ठेवून, येसबा. हलगीला नवं कातडं चढवायला तो वडगावला गेला होता. ते नवं कातडं उन्हात चमकत होतं.

कोडोली मागं पडली आणि बाबालालनं मान वळवून उगवतीकडं पाहिलं. "बाई, ह्ये काय बरं लक्षान न्हाय," एवढंच म्हणाला आणि बैलांना दौडवू लागला. मीही पाहिलं. ढगाच्या बुडाला हिरवट रंग होता. तसला रंग मी आभाळात आधी पाहिला नव्हता.

वारा आला तो एका फटक्यात. धुळीत पुढचा बैल दिसेना. कुणाची तरी पाटी उडून बांधावर आपटली. मग टपटप, आणि पाठीत दगड बसावा तशी पहिली गार. क्षणभरात लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. बैल हंबरायला लागले. रस्त्याच्या डाव्या हाताला, शंभर पावलांवर, एक चिंच होती. एवढ्या सपाटीत तेवढंच झाड. सगळे तिकडं धावले. बाबालालनं गाडी तिकडंच घातली, जू सोडलं, बैल बुंध्याला बांधले. पद्माक्कांना चौघींनी मिळून उतरवून मुळावर बसवलं. मी बुंध्याला पाठ टेकून उभी राहिले.

ज्या बाईनं दोन दिवसांपूर्वी तो कागद तीनदा वाचला, वीज कशी उतरते ते समजावून सांगितलं, ती बाई बुंध्याला पाठ लावून उभी होती. मला तो कागद आठवलाही नाही. डोक्याला गार लागत नाही, एवढंच मला कळत होतं आणि बरं वाटत होतं.

येसबा बाहेर थांबला होता. झाडाखाली आम्ही होतो, म्हणून तो आत येऊ शकत नव्हता. दहा-बारा पावलांवर हलगी डोक्यावर धरून उभा, आणि त्या नव्या कातड्यावर गारा ताडताड वाजत होत्या. तो ओरडत होता. आधी वाऱ्यानं कळलं नाही. मग कळलं.

"भायेर या. झाडाखाली थांबू नगा. काल दवंडी दिलीया म्या, ध्येनात हाय का न्हाय?"

कुणी हललं नाही. एक जण म्हणाला, "तुला काय, तू भायेरच हाईस."

त्यावर दोघे-तिघे हसले. मला वाटतं मीसुद्धा हसले असेन. नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही याचा भरवसाही वाटत नाही.

दूरच्या बांधावर वीज पडली. पायाखालची जमीन हलली. बायका अजूनच बुंध्याकडं सरकल्या. येसबानं हात जोडले. "पाया पडतो. इज झाडावर येती. बाईंनीच सांगितलंय. इचारा त्यास्नी." सगळे माझ्याकडं वळले. मी काही बोलले नाही. माझे दात वाजत होते, ही सबब खरी आहे, पण ती सबबच आहे.

मग त्यानं हलगी खाली ठेवली. गारा त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होत्या, कपाळातून रक्त ओघळत होतं. त्यानं दोन्ही हात लांब पसरले आणि तो झाडाकडं चालायला लागला.

"आलो बघा," तो म्हणाला. "शिवतो आता सगळ्यास्नी."

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी किंचाळलं, "अरं, थांब तितंच." तो थांबला नाही. पहिल्या माणसापासून हातभर अंतरावर आला आणि तो माणूस मागं उडी मारून झाडाबाहेर गेला. मग दुसरा. मग सगळेच. पोरं काखोटीला मारून बायका पळाल्या. नवी घोंगडी, पाट्या, चपला तिथंच पडल्या. जी माणसं विजेला भ्याली नव्हती, ती त्याच्या दोन हातांना भिऊन उघड्या रानात, लिंबाएवढ्या गारांत पळत सुटली. मीही पळाले.

मागं तिघंच उरली. बाबालाल शिवाशिवीला भ्याला नव्हता, तो बैलांसाठी थांबला होता. एक बैल त्यानं सोडला, दुसऱ्याची गाठ भिजून आवळली होती. आणि पद्माक्का. त्यांना उठताच येत नव्हतं. येसबा त्यांच्यासमोर उभा राहिला. काही बोलणं झालं की नाही, मला ऐकू आलं नाही. त्यानं वाकून त्यांना लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि बाहेर पळत सुटला. पळताना ओरडला, "बाबालाल, सोड त्यो बैल." बाबालालनं दाव्यावरचा हात काढला आणि तोही पळाला.

आवाज मी ऐकला नाही. फक्त पांढरं दिसलं. मग मी चिखलात तोंडावर पडलेली होते आणि कान बंद झाले होते. मान वर केली तेव्हा चिंच मधोमध उभी चिरली होती. बुंध्याची साल सोलून दूर फेकली गेली होती, आतलं लाकूड दुधासारखं पांढरं दिसत होतं आणि त्यातून वाफ निघत होती. बंदुकीच्या जळक्या दारूसारखा वास सुटला होता. मी पाठ टेकली होती तिथं, अगदी तिथंच, वरपासून खालपर्यंत काळी भेग. बैल पाय ताठ करून पडला होता. त्याच्या अंगावर जखम नव्हती.

गारा थांबल्या. रान पांढरं झालं होतं. त्या पांढऱ्यात माणसं इकडं तिकडं उभी होती. रस्त्याकडेच्या चरात येसबा गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. शेजारी पद्माक्का पडल्या होत्या. बराच वेळ कुणी पुढं झालं नाही. शेवटी पद्माक्काच म्हणाल्या, "येसबा, मला उठीव."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग त्यांना पुन्हा उचललं आणि सगळ्यांच्या देखत गाडीत नेऊन ठेवलं. उरलेला बैल एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला जू धरून बाबालाल, अशी ती गाडी गावात आली. बाबालाल रडत होता.

यापुढचं मी भाचेसुनेलाही कधी सांगितलेलं नाही. गारांच्या पाण्यानं नखशिखान्त भिजलेली, हुडहुडी भरलेली ती पंचवीस-तीस माणसं गावात आल्यावर घरी गेली नाहीत. विहिरीवर गेली. अंघोळीला. खरं तर येसबाचा हात त्यांतल्या कुणालाच लागला नव्हता, पण गर्दीत लागला असेल तर, म्हणून. नुकतं मरण चुकवून आलेली माणसं थंड पाण्याच्या घागरी डोक्यावर ओतून घेत होती. मीही खोलीच्या मागं जाऊन दोन तांबे ओतून घेतले. ओतताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटलं ते दुसऱ्या दिवशी, शाळेचं कुलूप काढताना. उंबऱ्याबाहेर गोदा बसली होती. बापाचा कान दुखतो, रात्रभर झोपला नाही, असं तिनं सांगितलं.

त्यानंतर चावडीवर जे झालं ते सांगायचं मी टाळत आले आहे, आताही आधी पुढचंच सांगते. मी गोदाला आत घेतलं. त्याच आठवड्यात, पुढच्या ओळीत. काही आयांनी पोरी काढून घेतल्या, महिनाभरात एकेक करून परत पाठवल्या. कोल्हापूरहून तपासनीस आले तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली. लोक मला धीराची बाई म्हणू लागले. पद्माक्कांच्या घरी शुद्धीसाठी उपास सांगितले गेले. त्या म्हणाल्या, "उपास मी जन्मभर केलेत, ह्यासाठी करणार न्हाय." आणि केले नाहीत. बाबालालला गावानं वर्गणी काढून बैल घेऊन दिला. येसबाला कुणी काही दिलं नाही. त्याचा डावा कान कायमचा गेला आणि दोन वर्षांनी दवंडीचं काम त्याच्या पुतण्याकडं गेलं, कारण त्याला स्वतःचाच आवाज नीट कळेना.

रेडिओवरचा माणूस हल्ली फार सभ्यपणे सांगतो. सखल भागात विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा, नागरिकांनी काळजी घ्यावी. सून भाजी चिरता चिरता ऐकते आणि विसरते. मी तिला दोष देत नाही. ऐकणं आणि कळणं यांत केवढं अंतर असतं, ते मी मोजलेलं आहे. ते कागद तीनदा वाचूनही पार होत नाही.

वादळानंतर तिसऱ्या दिवशी चावडी भरली. दोघा-तिघांची तक्रार होती, की येसबानं जाणूनबुजून माणसं बाटवली. पाटील अडचणीत होते. गावाला दुखवायचं नव्हतं, आणि दरबारचा हुकूम त्यांनाही ठाऊक होता. नुसते जबाब लिहून ठेवू, म्हणाले. कुलकर्णी अजून आले नव्हते. लिहायला मी.

पाटलांनी एकेकाला विचारलं, "शिवला का तुला?"

"न्हाय. आमी आदीच पळालो."

"कशापायी पळालासा?"

"शिवंल म्हणून."

सगळ्यांनी हेच सांगितलं. न लाजता, न अडखळता. मी लिहीत गेले. पद्माक्कांना नातवांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. पाटलांनी जरा आवाज उतरवून विचारलं, "आक्का, तुमास्नी?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "दोनदा शिवला. म्हणून हाय मी हितं."

मागं त्यांचा मुलगा मान खाली घालून उभा होता. पाटील माझ्याकडं वळले. "बाई, तुमीबी हुतासा की. तुमचंबी लिवा."

मी लेखणी बुडवली. येसबा झाडाखाली आला तेव्हा तो माझ्यापासून दोन हातांवर होता. मी पदर गोळा केला आणि उडी मारून बाहेर पडले. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. दुसरं लुगडं धुवायला टाकलंय, आता परत गेल्यावर अंघोळ करून नेसायला काही नाही. हे आलं. वीज नाही. मरणसुद्धा नाही. आणि ज्या जागेवर हा विचार करत मी उभी होते, ती जागा मिनिटाभरात जळून गेली.

मी लिहिलं, "विजेचे भय वाटल्याने मी झाडाखालून बाहेर आले."

पाटील म्हणाले, आता सगळं वाचून दाखवा. मी वाचायला लागले. पायरीखाली, ठरलेल्या अंतरावर, येसबा कानाला फडकं बांधून उभा होता. इतरांचे जबाब त्यानं खाली मान घालून ऐकले. माझ्या जबाबाशी माझा आवाज बसला. त्यानं उजवा कान पुढं केला.

"बाई, जरा मोट्यानं. आईकू येत न्हाय."

मी तेच वाक्य मोठ्यानं वाचलं.

"पुन्यांदा वाचा की," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं. त्यानं मान डोलवली आणि पाटलांकडं पाहिलं. "म्हंजे एका तरी माणसानं दवंडी आईकली," तो म्हणाला. बोलताना तो हसला. त्याला खरोखरच बरं वाटलं होतं.